भदाणे सरांनी शिकवलेला जपान

आजच्या समारंभाच्या आणि आपल्या संस्थेच्या अध्यक्षा आदरणीय मंदाबाई अक्का, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे सत्कारमूर्ती अभिमन भदाणे सर आणि दोंडाईचाच्या आपल्या कॉलेजवर माया करणारी सगळी मंडळी, नमस्कार.

सरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, हे तुम्ही जाणता. पण दोन वर्षांपूर्वी काय घडलं, हे सगळ्यांना कुठे ठाऊक आहे?

एका कंपनीनं कॉलेजला फुकट संगणक देऊ केले. आम्ही हुरळलो. त्याच आठवड्यात सर एकोणिसाव्या शतकातला जपान शिकवत होते. मी शेजारच्या वर्गात शिकवत होते, भिंत पातळ, सगळं ऐकू येई. धूर ओकणारी अमेरिकन जहाजं आली, तोफा दाखवून बंदरं उघडा म्हणाली. पुढच्या फेरीत भेट म्हणून छोटी आगगाडी आणली. एक जपानी सरदार तिच्या छपरावर बसून फेरी मारून आला!

त्यांच्या वर्गातली सबा मन्यार म्हणाली, "सर, भेट आणली यात वाईट काय?"

"भेटीत काहीच नाही. सोबत तोफा कशाला, तेवढं विचार."

"मग परत पाठवायची होती!"

"नाही गं. जपान्यांनी पोरं परदेशी शिकायला धाडली, इंजिनं स्वतः बनवली. पण त्याच सुधारणेत सामुराई योद्ध्यांच्या तलवारी गेल्या, मानमरातब गेला. त्यांना कोणी विचारलं?"

मग कंपनीबरोबर संस्थेची बैठक झाली. सरांनी कंपनीच्या साहेबांना विचारलं, "बिघडलं तर आमची मुलं उघडून पाहतील?"

"छे! आमचाच माणूस येईल."

"मग ती शिकणार काय?"

आपल्या संस्थेचे संचालक चिडले. सर अडून बसले. अखेर काही संगणक मुलांसाठी खुले ठेवायचं ठरलं. सबाच्या गटानं ते सुटे केले, पुन्हा जोडले. आज बिघाड तीच मुलं दुरुस्त करतात.

आणि आता ऐकते, सरांची जागा भरणार नाहीत. म्हणे विद्यार्थी कमी झाले. वर्गात तर बाक पुरत नाहीत! मग खरं कारण कोणतं? बैठकीतला तो प्रश्न तर नव्हे?

सकाळी सरांना हेच बोलले. ते हसले. "रत्ना, बठ्ठासवर संशय लेऊ नको. पन इचारत ऱ्हाय." बरं, सगळ्यांवर संशय घेत नाही, पण विचारते.

सर, तुमचे आणि सभागृहाचे मनापासून आभार. बोलताना कुठं तोल गेला असेल तर पोटात घाला. फक्त अक्का, मी खाली बसण्याआधी एवढं सांगा: जूनपासून इतिहासाचा तास कोण घेणार?