डब्याचा मालक

माझ्या जिओकॅशिंगला तुम्ही हसता ना, मग हे ऐकाच. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या बागेत मी एक डबा लपवला होता. ॲपवर जागा टाकायची, लोकांनी डबा शोधायचा आणि आतल्या वहीत सही करायची, एवढाच खेळ. वर्षभरात सह्या तीन, त्यातली एक माझ्या बायकोची.

परवा सहज बघायला गेलो, तर डबा गेटवर वॉचमनच्या टेबलावर. वही भरत आलेली. बागेत शिरणाऱ्या प्रत्येकाकडून तो नाव, वेळ आणि सही घेत होता.

मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "अण्णा, हा डबा माझा आहे."

"आधी सही करा."

केली. "आता द्या."

"असा कसा देणार सार? मालकाला विचारावं लागेल."

"मीच मालक."

"सगळे असंच म्हणतात."

त्यानं वहीच्या पहिल्या पानावरचा नंबर लावला. माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला. "स्वल्प थांबा, मी फोनवर आहे."

मग काय करणार, उचलला.

"सार, इथे एक जण तुमचा डबा मागतोय. देऊ?"

त्याच्यासमोर उभा राहून म्हटलं, "द्या."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"माणूस बरा दिसत नाही, सार. उद्या तुम्ही स्वतःच या."