राहा की!

तिकिटाच्या रांगेत एक निवृत्त कंपाउंडर उभे होते. तोंड खिडकीकडे, पण कान मागे. मागे दोघी होत्या, एकीच्या हातात बॅग आणि दुसरी अनवाणी पळत आलेली.

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. उन्हाळाभर मी घरात लोकच बघतेय."

"आम्ही काय परके आहोत?"

"तुला येऊन तीन आठवडे झाले, मी एक शब्द काढला नाही. त्याआधी तुझे काका. त्याआधी तुझ्या दादाचे शाळेतले चौघे, चहाला म्हणून आले आणि सहा दिवस राहिले. का? तर जो निघेल त्याला हा दारात अडवणार, 'राहा की अजून दोन दिवस!' हा नुसतं म्हणणार आणि गाद्या मी घालणार!"

"दादाचा स्वभावच आहे तसा."

"स्वभाव? आज मी बॅग घेऊन त्याच दारात उभी राहिले. म्हटलं, जाते मी. पेपरातून मान वर न करता 'बरं' म्हणाला!"

"मनात तसं नसतं त्याच्या. म्हणून तर मला पाठवलं ना तुझ्यामागे."

"त्याने पाठवलं?"

"हो. चप्पलसुद्धा घालू दिली नाही."

"काय म्हणाला?"

"जाऊ दे, वहिनी."

"काय म्हणाला ते सांग."

"आज त्याचे कॉलेजचे मित्र मुक्कामाला येताहेत. उशांचे अभ्रे कुठे ठेवलेत, तेवढं विचारून ये म्हणाला."

कंपाउंडरांचा नंबर आला होता. ते खिडकीपासून बाजूला सरकले.

"बाई, आधी तुम्ही घ्या."