घरचं कारण

बनाबाई : सही करते मी, सर. पण पयले कागद वाचून दाखवा.

गजेंद्र सर : वाचायचं काय त्यात, मावशी? 'घरच्या कारणाने शाळेच्या खिचडीचं काम स्वखुशीने सोडत आहे.' एवढंच.

बनाबाई : घरचं कारण कोणतं? माह्या घरी तं काईच कारण नाही. कारण तुमच्या शाळेत हाये.

गजेंद्र सर : हेडमास्तर म्हणून तुमच्या भल्याचं सांगतो. काढून टाकलं तर डाग लागतो. स्वतः सोडलं तर मान राहतो.

बनाबाई : बारा वर्सं चुलीपुढं डोळे फोडले, तवा कुठी होता मान? खिचडी कच्ची राह्यली कधी? एखांदं पोट्टं उपाशी गेलं?

गजेंद्र सर : खिचडीबद्दल तक्रार नाहीच. तुम्ही वाढायच्या आधी खिचडीच्या गंजावर हात धरून डोळे मिटता, त्याबद्दल आहे. पालक म्हणतात, बनाबाई खिचडीत येशू टाकते.

बनाबाई : तांदूळ टाकते, दाळ टाकते, तुम्ही घरी नेल्यावर उरलं तं तेल टाकते. येशू काई शिध्याच्या पोत्यात येत नाही.

प्रेम : माय! सरले असं बोलतेत काय?

बनाबाई : तू चूप बस. पोराले मधात तोंड घालाचं शिकवलं नाही म्या. अन् सर, जेवणाआधीचा श्लोक पोट्ट्यायकडून कोण म्हणून घेते? तुम्ही आफिसात मोबाईल पाह्यता. मीच घेते ना, हात जोडून? अख्खा तोंडपाठ हाये मले. तवा कोणाच्या पोटात दुखलं नाही.

गजेंद्र सर : दिवस वाईट आहेत, मावशी. मागच्या रविवारी तुमच्या घरी उपासना चालू असताना टिनावर गोटे पडले ना? तेच लोक आता शाळेच्या फाटकावर येऊन उभे राहतात. मलाही नोकरी आहे.

बनाबाई : तक्रारीचा अर्ज कोणी कोणी देल्ला? दाखवा.

गजेंद्र सर : तो दाखवता येत नाही.

बनाबाई : दुसरी शिकलेली बाई मी. मले काय वाचता येते त्यातलं? दाखवा.

प्रेम : राहू दे ना, माय. काय करतं पाहून? सही करून टाक. सरले उशीर होऊन राह्यला.

बनाबाई : सरले उशीर, अन् घाम तुले काऊन सुटला? आना तो अर्ज इकडं. (सरांच्या हातातून अर्ज ओढून घेते.) हा अंगठा कोणाचा?

गजेंद्र सर : पुंजाजीचा.

बनाबाई : त्याची बायको बाळंत झाली तवा सव्वा महिना पेज माह्या घरून गेली. जाऊ द्या, पेज खाल्ली ती इसरली. ही सही?

गजेंद्र सर : आशाबाईची.

बनाबाई : अन् ही, सगळ्यात खालची?

गजेंद्र सर : ती... नीट लागत नाही.

बनाबाई : मले लागते. लागत नाही काऊन! पयल्या अक्षराची शेपटी पार खालपर्यंत ओढली हाये. पाटीवर म्याच हात धरून गिरवून घेतलं होतं ते. चार दिवस आंग तापानं फणफणत होतं याचं, तरी पाटी सोडली नाही यानं.

प्रेम : माय, आयक ना...

बनाबाई : आयकून राह्यली. बोल.

प्रेम : तुह्या नातीच्या, रिबकाच्या बाकावर कोणी बसत नाही आता. तिच्या पाठीवर पोट्ट्यायनं खडूनं क्रूस काढला. पोरगी सातवीत हाये, माय. ते फाटकावरचे लोक म्हणले, तुमच्या घरचा एक जण सही करन तं पोरीले कोणी बोट लावणार नाही.

बनाबाई : ती पाठ म्याच पुसली. पोरगी रडली नाही. तू रडला.

गजेंद्र सर : मावशी, मी येतो. कागद ठेवतो, सवडीनं करा.

बनाबाई : थांबा. पेन द्या. 'घरचं कारण' लिवलं हाये ना, तेच राहू द्या. तुम्ही आले तवा खोटं होतं, आता खरं झालं.

(बनाबाई सही करते. सर कागद घेऊन जातात.)

प्रेम : माय, बोल ना काई. शिव्या दे. मार.

बनाबाई : प्रभूले धरून नेलं तवा त्याच्याच चेल्यानं, पेत्रानं, तीन खेपा म्हणलं, मी या मानसाले ओळखत नाही. प्रभूनं मंग त्यालेच किनाऱ्यावर बलावून, कोळशावर मासे भाजून खाऊ घातले.

प्रेम : म्हणजे माफ केलं तू मले?

बनाबाई : मी काई प्रभू नाही. ताट घे. सकाळची खिचडी हाये, थंडी झाली.

प्रेम : तू नाही बसत? प्रार्थना कोण करन मंग?

बनाबाई : आज तू कर. दार उघड पयले, अन् मोठ्यानं कर.