फिद्दाच्या गाण्यातल्या उरलेल्या बायका

फुलवाल्याचंसुद्धा नाव घेतलंत. गेटवर बसतो त्या म्हाताऱ्या राखणदाराचं घेतलंत, खुर्च्या ज्याच्या टेम्पोतून आल्या त्याचं घेतलंत, माझ्या बिर्याणीचं तर दोनदा घेतलंत. मग जिच्या आवाजावर आत्ता तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, तिचं नाव का नाही घेतलं कुणी? बाईंनी काढलेल्या या गाण्यांच्या सीडीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पारंपरिक, गायिका अज्ञात’. अज्ञात म्हणजे काय ते मी अलकावहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाला माहीत नसलेली. कुणाला माहीत नाही? मला माहीत आहे. निवेदिताबाईंना माहीत आहे. तिनं गाळलेला कहवा प्यायलाय बाईंनी.

थांबा सुमीतभाऊ, माईक काढू नका. रीतीनं बोलते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रियाधच्या मराठी मंडळाचे गुरुनाथसाहेब. जेद्दाहून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे बाळकृष्णसाहेब. ज्यांचा आज सत्कार आणि निरोप आहे त्या माझ्या निवेदिताबाई. या भाड्यानं घेतलेल्या इस्तिराहाच्या, बागबंगल्याच्या हिरवळीवर बसलेल्या बहिणींनो, भावांनो, आणि तिकडं टाकीत पाय सोडून बसलेल्या पोरांनो. सगळ्यांना सलाम, नमस्कार. मला बोला म्हणून तुम्हीच बोलावलंत. अध्यक्षसाहेब म्हणाले, “रईसाताई, तुम्ही बाईंना जवळून ओळखता, एखादी आठवण सांगा.” तर आठवणच सांगते. मी दापोलीकडची, चौथीपर्यंत शिकलेली. शब्द इकडं तिकडं पडेल. माझे मिस्टर मागं उभे राहून खुणा करतायत, बस कर म्हणून. करू द्या.

बाई, तुम्ही मंडळात भाषण दिलं होतं ते आठवतं? अमेरिकेतल्या काळ्या गाणाऱ्यांवर. शेतात राबताना, तुरुंगात दगड फोडताना त्यांनी गाणी रचली, आणि रेकॉर्डवर नाव लागलं दुसऱ्याचं. ते बिचारे नाव नसतानाच मेले. तुम्ही बोलता बोलता रडलात. मी मागं चहा गाळत होते, मीपण रडले. शेवटी तुम्ही विचारलंत, अशी गाणी आज कोण म्हणतं? अन्यायाला तोंडावर बोलणारं आजचं गाणं कुठं शोधायचं?  मी ट्रे ठेवला आणि म्हटलं, “बाई, माझ्या हॉलवर या.”

लोक हसले. गुरुनाथसाहेब, तुम्ही तर म्हणालात, “लग्नाच्या हॉलवर कसलं निषेधाचं गाणं, रईसाताई? नवरदेवाचा निषेध?”

पण बाई हसल्या नाहीत. त्या आल्या. म्हणून तर मला एवढं लागलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी सौदी लग्नांच्या हॉलवर काम करते, बायकांच्या बाजूला. दारात उभं राहायचं, पिशव्या बघायच्या, कॅमेऱ्याचे मोबाइल काढून घ्यायचे. तिथं ढोल वाजवून गायला ज्या बायका येतात त्या काळ्या. त्यांना तग्गागा म्हणतात. त्यांची म्होरकी फिद्दा. आता फिद्दाचं काम काय? नावं घेणं. नवरीचं, नवरीच्या आईचं, आजीचं, मावशांचं, एकेक नाव गाण्यात ओवायचं आणि वर ढोलाचा ठोका द्यायचा. एखादं राहिलं की ती बाई रुसून अबाया घालते आणि गाडी मागवते. आपल्याकडं सत्कारात नाव राहिलं की होतं ना, तसंच. पण फिद्दाला कुणी नावानं हाक मारत नाही. “ए तग्गागा, जोरात.” स्वयंपाकघराच्या दारानं आत यायचं, सगळ्यांची जेवणं झाली की जेवायचं, त्याच दारानं जायचं.

फिद्दाची आई या शहरात विकत घेतलेली बाई होती. होय, विकत. कायद्यानं ते बंद झालं तेव्हा फिद्दा एवढीशी पोर. फिद्दा म्हणजे चांदी. ते नावही मालकाच्या घरात ठेवलेलं.

तर हॉलमधल्या एसीनं ढोलाचं कातडं सैल पडतं. मग या बायका मधेच स्वयंपाकघरात येतात आणि कोळशाच्या शेगडीवर ढोल धरून तापवतात. तापवताना त्या स्वतःचं एक गाणं म्हणतात. त्यात दुसरं काही नाही, नावंच. फिद्दा नाव घेते, बाकीच्या ठोका देऊन म्हणतात, “हाजिरा.” म्हणजे हजर. मास्तर हजेरी घेतात तसं. मी एकदा विचारलं, “ही कुणाच्या खानदानातली नावं गं?” ती म्हणाली, “आमच्या.” ज्यांना लांबून आणलं त्या, ज्यांनी लोकांची पोरं पाजली त्या, ज्यांचं नाव कुठल्याच घराण्याला जोडलं नाही त्या. आजीनं रचलं, आईनं वाढवलं, फिद्दानं आणखी वाढवलं. आत्ताआत्ता तर नोकरीला येऊन परत न गेलेल्या बायकाही तिनं त्यात घेतल्या होत्या. इंडोनेशियाची एक पोरगी गच्चीवरून पडून मेली, तिच्या घरी नीट कळवलंही नाही कुणी. फिद्दानं तिला गाण्यात घेतलं. सगळ्यांच्या शेवटी आई येते. आईच्या मागून फिद्दा स्वतःचं नाव घेते. मगच ढोल थांबतो.

हे आजचं गाणं नाही तर काय आहे?

बाई आमच्याबरोबर त्या फरशीवर बसल्या. स्वतः ढोल शेगडीवर धरला, बोट भाजून घेतलं. फिद्दानं त्यावर ओलं पीठ लावलं आणि म्हणाली, “हिला सांग, हा ढोलाचा सलाम असतो.” किती हसलो आम्ही. मग बाईंनी ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं. हॉलमधलं काही घ्यायचं नाही, फक्त हे, असं ठरलं. फिद्दा म्हणाली, “घेऊन जा. बायकांना ऐकव, पुरुषांना ऐकव, मला लाज नाही. पण माझ्या बायकांना अर्ध्यात सोडू नको.” मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. बाई, तुम्ही काय म्हणालात? “वचन देते म्हणावं.” ते मी अरबीत सांगितलं. म्हणजे फिद्दाला वचन ऐकू आलं ते माझ्या आवाजात.

गेल्या रमजानात फिद्दाचा गळा कापला. आजारच तसा होता, डॉक्टरांना दुसरा इलाज नव्हता. आता गळ्याला भोक आहे, त्यातून नुसता वारा येतो. लिहायला तिला कुणी शिकवलं नाही. साथीदारणींना सगळी नावं येत नाहीत, कारण त्यांचं काम फक्त “हाजिरा” म्हणायचं होतं. म्होरकीनं नाव दिलं की ठोका द्यायचा. ती नावं आता फिद्दाच्या पोटात आहेत, आणि बाईंच्या यंत्रात होती.

तुमची सीडी आली तशी मी ती घेऊन तिच्याकडं गेले. तिचं घर दक्षिणेला, जुन्या वस्तीत, दोन खोल्या. शेजारणीकडून वाजवायचं मशीन आणलं होतं. मी गेले तर काय बघते, शेगडी पेटवलेली. साथीदारणी नवे कपडे घालून बसलेल्या, ढोल तापवून मांडीवर घेतलेले. गाण्याबरोबर ठोका द्यायचा म्हणून. कुणाचं तरी लग्न असावं तसं.

गाणं लागलं. मबरूका, हाजिरा. तुफ्फाहा, हाजिरा. सईदा, हाजिरा. फिद्दा आपल्या गळ्यावर हात ठेवून आपलाच आवाज ऐकत होती. आणि मग तो आवाज लांब लांब गेला. कुणी दार लोटून घ्यावं तसा. लगेच दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं गाणं सुरू झालं, गिटारवालं.

फिद्दानं बटण दाबलं. सीडी बाहेर काढली, उलटी केली आणि परत घातली. तिची सगळी हयात कॅसेटीत गेलेली. तिला वाटलं, बाकीच्या दुसऱ्या बाजूला असतील. मशीन नुसतं घरघरलं. तिनं परत काढली, ओढणीनं पुसली, परत तशीच उलटी घातली. साथीदारणी हात ढोलावर उचलून बसलेल्या, नाव आलं की ठोका द्यायला. मी म्हटलं, “फिद्दा, याला दुसरी बाजू नसते गं.” तिनं माझ्याकडं बघितलं. बोलता येत असतं तर शिव्या दिल्या असत्या, त्या मी खाल्ल्या असत्या. ती उठली आणि शेगडीवर राख घातली.

मी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “रईसाताई, अहो, स्टुडिओवाल्यांनी कापलं. प्रत्येक गाण्याला ठरावीक वेळ असते. आणि तीच तीच ओळ परत येत होती.” तीच ओळ नव्हती, बाई. दर वेळी दुसरी बाई येत होती. मी विचारलं, मूळचं पूर्ण आहे ना तुमच्याकडं? तर म्हणालात, “बघावं लागेल. लॅपटॉप बदलला ना मधे, आणि आता पॅकिंग झालंय.” त्यानंतर मी विचारलं की तुम्ही विषय बदलता. बिर्याणी किती लोकांची करायची ते बोलता.

मघाशी बाळकृष्णसाहेब म्हणाले, निवेदिताबाईंनी मुक्या लोकांना आवाज दिला. साहेब, तुम्ही मोठे आहात, रागावू नका. ती मुकी नव्हती. तिला आवाज होता, चांगला भिंती हलवणारा. तो बाई घेऊन गेल्या. आणि ती मुकी झाली ती नंतर.

बाई, मान वर करा. मी तुमची दुश्मन नाही. माझ्या मिस्टरांचा इकामा, इथं राहायचा परवाना, अडकला होता तेव्हा त्यांच्या कफीलच्या, मालकाच्या ऑफिसात तुम्ही माझ्याबरोबर उन्हात उभ्या होतात. मला इंग्रजीत सही करायला तुम्ही शिकवलंत. आज दुसरं कुणी असतं तर मी बिर्याणी वाढून घरी गेले असते. पण तुम्ही त्या अमेरिकेतल्या लोकांसाठी रडलेल्या आहात. ते रडणं मी बघितलंय, खोटं नव्हतं ते. मग हिच्या वेळेला काय झालं? ती लांब अमेरिकेत नाही, इथंच सुलैच्या वाटेवर राहते म्हणून?

साहेबांचे आभार, मला बोलू दिलं. सुमीतभाऊंचे आभार, माईक राहू दिला. आज तुमच्या सुखाच्या दिवशी मी कडू बोलले, ते पोटात घाला. चौथी शिकलेली बाई आहे, कुठं जास्त झालं असेल तर तिथं मला माफी द्या. ज्यांचं नाव माझ्याकडून राहिलं त्यांनी रुसू नये. फिद्दाच्या गाण्यातली मला सुरुवातीचीच तेवढी येतात, सीडीत आहेत तेवढीच.

आता शेवटचं. बाई, शुक्रवारी तुमचं विमान आहे. मी दर गुरुवारी फिद्दाकडं जाते, या गुरुवारीही जाणार. ती दारातच बसलेली असते आणि माझ्या हाताकडं बघते. ते गाणं पूर्ण तुमच्याकडं आहे की पुसलं गेलं, एवढंच मला सांगा. असेल तर सुटकेस उघडा आणि काढून द्या. पुसलं असेल तर गुरुवारी माझ्याबरोबर चला आणि तिच्यासमोर बसून तुमच्या तोंडानं सांगा. या वेळी तुमचं बोलणं मी अरबीत करून देणार नाही.

बुधवारी दुपारच्या असरच्या अजानपर्यंत वाट बघते. फोन मिस्टरांच्या मोबाइलवर करा, नंबर तुमच्याकडं आहे.