शेवटच्या टाक्याआधी

माहा जन्म रामाकोन्याचा, सौंसरले आलो तेव्हा मिसरूड फुटून राहिली होती, आन् आता डोकं पांढरं झालं तरी पोस्टाच्या बाजूच्या लिंबाखाली तीच पेटी घेऊन बसतो. पार्सलं शिवतो. लोकं मले नामदेवकाका म्हणतात. आता डब्बे आले, चिकटपट्ट्या आल्या, तरी ज्याले लांब पाठवाचं असते तो माह्याच पाशी येते, काहून की मादरपाटाच्या कापडात दाभणानं शिवलेलं गाठोडं फुटत नाई, हे त्याले माहीत आहे.

माहा बाप संत्र्याच्या टोपल्या शिवे. तेव्हा संत्रा टोपलीतूनच जाये ना जी, वर गवत, गवतावर तरट, आन् तरट काठाले सुतळीनं शिवायचं. बापाचे दोन नेम होते. एक, शेवटचा टाका घालायच्या आधी आपल्या वाट्याचा एक संत्रा टोपलीत टाकायचा, मालकाले न सांगता. मी इचारलं, बा, काहून टाकता, तं म्हणे, जो खाईन त्याले आपल्या हातचं काही पोचू दे. दुसरा नेम, एकदा टाका बंद झाला की आपण उघडायचा नाई, ज्याचं आहे तोच उघडन. काय सांगू तुम्हाले, हे दोन्ही नेम मी आयुष्यभर पाळले. कोनाच्या गाठोड्यात लवंगा टाकल्या, कोनाच्यात घरचं मेतकूट, कोनाच्यात बिब्ब्याची गोडंबी. माही बायको कौसल्या हसे, म्हणे, तुमची पार्सलं नाई, ओटीच भरून राहिले तुम्ही.

तं कौसल्याचे गुडघे गेले. उठता येईना, बसता येईना. नागपूरच्या वैद्यानं चिठ्ठी लिहून दिली, विजया तेल, दोन बाटल्या घेतल्या. विजया मतलब भांगेचं पान. मी घाबरलो, पण वैद्य म्हणे, कायद्यात बसते, चिठ्ठी जपून ठेवा. आन् आमच्या मध्यप्रदेशात तं भांगेचं सरकारी दुकानच असते, तेव्हा मनात म्हटलं, भ्याचं काय. तेल लावलं, महिन्याभरात कौसल्या देवळाच्या पायऱ्या चढून गेली. मी तं त्या बाटलीले हातच जोडले.

आमच्या गल्लीत निर्मलाबाई राह्यतात, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यायची पोरगी रश्मी दुबईले. एक दिवस बाई सामान घेऊन आल्या, कुरड्या, पापड, संत्राबर्फी, लोणचं, आन् म्हणे, नामदेवराव, हे पक्कं शिवून द्या, बोरगावची माया दुबईले नर्स म्हणून चालली, तिच्या हाती पाठवते. शिवता शिवता बाई बोलल्या, रश्मीची कंबर लय दुखते, झोपेतून उठवत नाई. आईचं काळीज बोलते तं आपल्यालेही वाटते ना जी. त्या पाणी प्यायले उठल्या, मी पेटीतली दुसरी बाटली काढली, बसून बसून पाठ धरे म्हणून त्याच दिवशी घरून आणली होती, कापसात गुंडाळली, कुरड्यांच्या मधात ठेवली, आन् शेवटचा टाका घातला. बाईले सांगितलं नाई. बाप कोनाले सांगे?

दुसऱ्या दिवशी सकाळी माही भाची सीमा नागपूरहून आली, मामीले पाह्यले. वकिलाच्या हापिसात टाइप करते ती. मामीच्या गुडघ्याले तेल लावता लावता बाटली पाह्यली, म्हणे, मामा, दुसरी कुठी आहे? मी छाती फुगवून सांगितलं. तिनं बाटली खाली ठेवली. मग म्हणे, मामा, दुबईले? मी म्हटलं, हो ना, अमेरिकेतही विकतात म्हणे असं तेल, मी मोबाइलवर पाह्यलं. ती म्हणे, विकतात, याच झाडातून काढलेलं, सीबीडी म्हणतात त्याले, पण तिथंही एका राज्याचा नियम एक, दुसऱ्याचा दुसरा. जर्मनीत चालते, पण नियमात. हाँगकाँगात आधी दुकानात मिळे, मग बंद केलं, आता पाशी ठेवलं तरी गुन्हा. सिंगापुरात बिलकुल नाई. आन् दुबईत विमानतळावर सापडलं तं मायाले अडवतीन, पोलीस येतीन, जेलही होऊ शकते. तुमची चिठ्ठी मामीच्या नावाची, ती सौंसरात चालते, समुद्रापार नाई.

झाड एकच, मामा, म्हणे, पण जिथं उतरलं तिथला कायदा.

मी घड्याळ पाह्यलं. मायाची नागपूरची बस अकराची. बाईले फोन लावला, सगळं सांगितलं. बाई शाळेतल्यासारख्या ओरडल्या, नामदेवराव, माह्या गाठोड्यात मले न इचारता? मी म्हटलं, हो बाई, चुकलं, आधी मायाचा नंबर द्या. मायाले फोन लावला तं लागेना. दाभण-दोरा आन् ब्लेड खिशात टाकली, चप्पल घातली आन् तसाच बसस्टँडवर.

बस लागलेली होती. माया खिडकीपाशी, तिचा बाप खाली, गाठोडं तिच्या मोठ्या बॅगेत. मी म्हटलं, पोरी, खाली ये, गाठोडं काढ, मले टाका कापायचा आहे. तिचा बाप हसला, म्हणे, काका, जन्मभर शिवलं आन् आज फाडायले निघाले? पानठेल्यावरचा म्हणे, काय राह्यलं आत, सोन्याची बिस्किटं? कंडक्टर म्हणे, काका, लवकर आटपा, माही बस आहे, तुमचं दुकान नाई. तिनं काढलेलं गाठोडं मी मांडीवर घेतलं. ब्लेड काढली. खोटं नाई सांगत, बापाचा चेहरा डोळ्यापुढे आला. आपलाच टाका, आपल्याच हातानं, चार लोकांपुढे. कापला.

बाटली काढून मी मोठ्यानं सांगितलं, हे भांगेच्या पानाचं तेल आहे, हिले न सांगता मी टाकलं. लोकं हसले, म्हणे, बाप्पा, भांग तं ठेक्यावर मिळते, त्याले काय भेता. माया हसली नाई. पांढरी फटक पडली. म्हणे, काका, तिथं इचारतात, ही बॅग तुम्हीच भरली का. मी हो म्हणाली असती. मले माहीतच नव्हतं ना, पण मी हो म्हणाली असती.

ते वाक्य अजून कानात आहे जी. मले राग आला, पहिला स्वतःचा, मग सगळ्यायचा. नोकरी लावणाऱ्या एजंटानं तिले व्हिसाचा फोटो कसा काढायचा ते सांगितलं, काय नेऊ नोको ते नाई सांगितलं. देशादेशाचे नियम अलग असू द्या, आपलं काई म्हणणं नाई, पण जो बॅग उचलते त्याच्यापर्यंत ते कोन पोचवते? मोठ्यायच्यापाशी वकील असते. नर्सपाशी फक्त बॅग असते. आन् मी कोन दुसऱ्याले बोलणारा, मी तं ज्या पोरीच्या हाती दिलं तिले एक शब्द इचारला नाई.

मी दाभण काढलं, तं माया म्हणे, थांबा. सगळं बाहेर काढलं तिनं, एकेक वस्तू पाह्यली, मोबाइलवर लिहून घेतली, आन् आपल्या हातानं परत भरली, कंडक्टर शिट्टी वाजवून राहिला तरी. मग म्हणे, आता शिवा काका, पण मोठे टाके घाला, तिथं कापाले सोपं जाईन. मी मोठे टाके घातले. वरून दाभण आन् दोरा तिच्या मोठ्या बॅगेत ठेवला, तोही तिले दाखवून.

तेव्हापासून मी नेम बदलला. पहिले इचारतो, कोनत्या देशात चाललं, कोनाच्या हाती चाललं. कोनत्या देशात काय चालत नाई, याचा सीमानं एक कागद लिहून दिला, तो पेटीच्या झाकणाले आतून लावला, जे त्यात नाई ते तिले फोन करून इचारतो. घरचं अजूनही टाकतो, बापाचा नेम कसा सोडू, पण आता नेणाऱ्याच्या डोळ्यापुढे टाकतो, तो नाई म्हणला तं परत घेतो. निर्मलाबाई चार महिने बोलल्या नाई, मग संक्रांतीले तिळगूळ घेऊन आल्या, म्हणे, घ्या, मी पाहून देऊन राहिली, तुम्हीही पाहून घ्या.

दुसरी बाटलीही कौसल्यालेच लागली. तिचे गुडघे बरे आहेत, चिठ्ठी देव्हाऱ्यात आहे.

मायाचा फोन पोचल्या दिवशीच आला होता. म्हणे, काका, विमानतळावर त्यायनं गाठोडं पाह्यलंच, तुमचे टाके कापले, कुरडई न् कुरडई बाहेर काढली, आन् इचारलं, तुम्हीच भरलं का. मी म्हटलं, हो, मीच भरलं. मग बाकावर बसून मीच शिवलं, वाकडं झालं. मी इकडून म्हटलं, होऊ दे पोरी वाकडं, तुह्या हातचं आहे. सुखात राह्य.