गाडी उन्मेषची नाही

झालं, झालं, बंद झालं! कानावरचे हात काढा आता. किल्ली फिरवली की गप्प होते हे कुलूप, एवढंच असते त्याचं. बाप्पा, घामच फुटला न तुम्हाले? बसा, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसा जरा, सावली आहे तिथं. वर जायची घाई नाही — तुमच्या बाबांनीच म्हटलं न, ‘सुमंत, जा बरं तिच्यासंगं खाली, काय वाजून राहिलं पाह्य, तेवढंच तुमचं दोघांचं बोलणंही होईन.’ म्हणजे हे आपलं ते ‘मुला-मुलीले बोलू द्या’वालं बोलणं सुरू झालं. लोकं गच्चीवर पाठवतात, आपल्याले पार्किंगमध्ये पाठवलं! तर बोला. — नाही, थांबा, मीच बोलते. मले काही बोलायले सांगावं लागत नाही, आई म्हणते या पोट्टीच्या तोंडाले झाकणच नाही.

पहिले एक सांगून टाकते. ही गाडी उन्मेषची नाही. आईनं वर सांगितलं न आत्ता, ‘मोठ्या पोराची गाडी आहे, पुण्याले गेला तो ठेवून’ — काही नाही ठेवून गेला. माझा भाऊ जातानी फक्त हेल्मेट ठेवून गेला. गाडी माझी आहे. मी घेतली, माझ्या पगारातून, रोज कोराडीच्या वीज केंद्रात ड्यूटीले जाते ते हिच्यावरच. आमचं हुडकेश्वर नागपूरच्या या टोकाले अन कोराडी पार त्या टोकाले, एवढं कोण बसनं जाईन? पण काल आईनं अख्खी गाडी जुन्या चादरीत गुंडाळली, इथं टाकीमागं ढकलली अन मले म्हणे, ‘भैरवी, पाहुणे जाईपर्यंत हिचं नाव काढशीन तर पाह्य वं!’ पोट्टी मोटरसायकल चालवते म्हटलं की स्थळ परत जाते, असं तिचं म्हणणं. स्कुटी चालते हं! स्कुटीवाली पोट्टी चांगल्या घरची अन मोटरसायकलवाली बिघडलेली — अहो, फरक काय दोघींत? एकीची पेट्रोलची टाकी सीटखाली, एकीची पुढं. बस!

काय पाहून राहिले — कुलूप? आवडलं? थांबा, दाखवते. चादर धरा ही जरा. हे पाहा, पुढच्या चाकाले ही चकती आहे न, भोकं-भोकंवाली, जिच्यावर ब्रेक लागते — हिच्या एका भोकात कुलपाची ही दांडी जाते, वरून दाबलं की टक. मंग चाक फिरतच नाही. अन पोटात भोंगा! गाडी हलली तर पहिले टुक-टुक करून ताकीद देते, सभ्य आहे तसं, अन तरी हलवली तर — ते ऐकलंच तुम्ही. लावून पाह्यता? घ्या न, चावत नाही. असं नाही, चकतीले पकडते त्या ब्रेकच्या डब्याले खेटून लावा, दूर लावलं अन चुकून गाडी ढकलली तर तेवढं फिरून येऊन धाडकन आपटते. हं, आत्ता बरोबर. दाबा. टुक! झालं, जागं झालं ते. आता हलायचं नाही दोघांनी. श्वासही जोरात घ्यायचा नाही.

याची निगा ठेवावी लागते पण. घड्याळात असतात तशा बटनासारख्या बॅटऱ्या आहेत आत, अन आपलं नागपूरचं ऊन तुम्हाले माहीत आहे — मे महिन्यात गाडी उन्हात राहिली की बॅटरी पाझरते, मंग हे येड्यासारखं केव्हाही कण्हते, कोणी हात लावो की न लावो. म्हणून उन्हाळा लागायच्या आत बॅटरी बदलायची, नियमच करून टाकला मी. दुसरं म्हणजे कोराडीची कोळशाची राख. राख किल्लीच्या भोकात जाऊन बसते, ती जुन्या टूथब्रशनं झाडायची, वरून कोरडा स्प्रे मारायचा. तेल नाही! आईनं एकदा खोबऱ्याचं तेल सोडलं त्यात — डोक्याले चालते तर कुलपाले काहून नाही म्हणे — राख अन तेल, आत चटणीच झाली हो! किल्ली अडकली, मी ऑफिसले ऑटोनं गेली अन आई दिवसभर देवासमोर बसली. अन तीच आई, पाहा, पाहुण्यांपासून गाडी लपवणारी, दसऱ्याले मात्र हार घालते हिले, हळद-कुंकू लावते, लिंबू ठेवते चाकाखाली. मागच्या दसऱ्याले कुलपालेही कुंकू लावलं. आरती सुरू, सगळी सोसायटी जमलेली, वाऱ्यानं हार हलला अन हे बोंबललं! बाबा ताम्हण घेऊन पळाले. आईनं डोळे मिटूनच हात जोडले, म्हणे पावली गाडी. मी इतकी हसली, इतकी हसली की पोट धरून इथंच बसली, तुम्ही बसले तिथं.

ते काय उचललं तुम्ही? बटाटा? कुठं होता — चाकापाशी? असन. भाजीवाल्याचा पडला असन... हो, येते न भाजीवाला आत. कधी कधी येते. काहून, वर काय पाहून राहिले? वर आमच्या स्वयंपाकघराची गॅलरी आहे, तर मंग? सगळ्यांच्याच घरी असते गॅलरी... हसू नका हो. बरं, हसा. मीच फेकला.

सांगू काहून फेकला? सांगतेच, आता राहिलंच काय. पहिले जे स्थळ आलं होतं न, त्या वेळी कांदा फेकला होता, ते पळावं म्हणून. पळाले! त्यांचे काका पोलिसाले फोन लावू म्हणे. दुसऱ्या वेळी मुलगा खाली आला अन त्यानं गाडीले लाथ मारली, सरळ लाथ, मंग माझ्यासाठी तो तिथंच संपला. पण आजचा बटाटा तुम्हाले पळवायले नव्हता, खाली आणायले होता. आज उलटं होतं सगळं. वर सगळ्यांनी मले विचारलं काय काय येते करता, पुरणपोळी येते काय, वडाभात येते काय. अन तुम्ही एकच विचारलं — ‘एवढ्या दूर ड्यूटीले जाता कशा?’ अहो, आजपर्यंत कोणी विचारलंच नाही मले हे! मी तोंड उघडलं, तर आईनं पहिलेच सांगून टाकलं, बसनं जाते बिचारी. बिचारी! तुम्ही मान हलवली, खरं वाटलं तुम्हाले. मले कसंतरीच झालं. बाकीच्यांसंगं खोटं बोलली आई तर मी चूप राहिली, पण तुमच्यासंगं खोट्यानं सुरुवात नव्हती करायची मले. मंग पोह्यांवरची तर्री आणते म्हणून आत गेली, टोपलीत हात घातला, बटाटा आला हाती. नेम चांगला आहे माझा. मले आवडले तुम्ही. झालं, बोलली! आता तुमची पाळी. ही गाडी माझ्यासंगं येईन, कळमन्याले तुमच्या घरी, दारासमोर, चादर-बिदर काही नाही वरून. चालत नसन तर आत्ताच सांगा, मी वर जाऊन आईले सांगते मलेच पसंत नाही म्हणून, तुमच्यावर येणार नाही काही.

काय? जोरानं बोला, वरच्या कूलरचा आवाज आहे. — येत नाही? काय येत नाही? ...गाडी? मोटरसायकल येत नाही तुम्हाले चालवता? मजाक करून राहिले काय! तुमच्या मावशीनं तर आईले सांगितलं मुलाले गाड्यांचा भल्ला शौक आहे, बुलेटवरच फिरते म्हणे तो! कॉलेजात असतानी गाडीवरून पडले तेव्हापासून हात नाही लावला? अन आज ऑटोनं आले सगळे? मंग बुलेट — मामेभावाची! बाप्पा! म्हणजे तुमच्याही घरचे... अन आमच्याही घरचे... माझी आई अन तुमची मावशी, दोघींनी मिळून तिकडे एकमेकींले — थांबा, थांबा, हसवू नका, माझा पाय स्टँडले — धक्का लागला! वाजलं! किल्ली, किल्ली कुठं आहे? तुमच्या हातात आहे! लावा, फिरवा, उलटी नाही हो, सुलटी — हं! वा! पहिल्यांदाच जमलं तुम्हाले. काढून घ्या ते कुलूप चाकातून.

आता आली सगळी गॅलरीत. वर पाहू नका. माझी आई मधात आहे, पदर तोंडाले लावून, तिच्या बाजूले तुमची. नाही, चिडल्या नाही अजून, अजून कळलं नाही त्यांले काही. ऐका, वर गेलो तर आता सगळे एकदम बोलतीन अन आपल्याले उत्तरं द्यावी लागतीन. एक विचारू? मी चालवते, तुम्ही मागं बसता? कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, तेवढंच. तुमच्या आईच्या समोर हं, विचार करा. मुलगा पोट्टीच्या मागं बसला, हे ती जन्मभर सांगीन. मावशीही सांगीन. नसन जमत तर बसू नका, मी समजून घेईन, खरंच समजून घेईन, फक्त लवकर सांगा, त्या खाली यायच्या आत.

...अहो, बसले पण!

हे घ्या, हेल्मेट. हे मात्र खरंच उन्मेषचं आहे. मागच्या लोखंडाले कायले धरून राहिले? खांदा आहे न माझा. हं. आई, पोहे झाकून ठेव वं, आलोच आम्ही! — काय म्हणून राहिली तुमची आई? नको, सांगू नका. बोलूच नका आता, गेट अरुंद आहे, मले समोर पाहू द्या.