शेजारणीला टाकलेली चिठ्ठी

इंग्लंडमधल्या लीड्सच्या बसथांब्यावर माझ्यापुढे इंग्रजी शिकवणाऱ्या एक वयस्क बाई आणि त्यांची पोलिश विद्यार्थिनी हलिना उभ्या होत्या.

"शेजारची जीन तीन आठवडे माझ्याशी बोलत नाही, बाई. कुंपणावरून भांडलो होतो. मी माफीची चिठ्ठी टाकली, तर ती घेऊन वकिलाकडे गेली."

"काय लिहिलं होतंस?"

"मला 'रिकन्साइल' व्हायची, म्हणजे समेटाची, इच्छा आहे."

"अगं, असं नगरपालिकेच्या नोटिशीत असतं. शेजारणीशी भांडण मिटवायचं तर आम्ही 'मेक अप विथ' म्हणतो."

"तुमचे ते अप, विथ कुठे लावायचे ते कळत नाही. चुकले तर?"

"जीन हसेल."

"हसली तर बरंच आहे."

"मग चिठ्ठी नको. दार वाजव. ती 'कम ऑन इन' म्हणाली की पाय पूस आणि आत जा."

बस आली. बाई चढल्या. हलिना घराकडे वळली.